जुन्या ढिगातला डिझायनर कपडा : सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

सोलापुरात चॅरिटी शॉप आहे का?

इंग्लंडात असतं तसं नाही. तिकडे जवळजवळ प्रत्येक गावाच्या मुख्य रस्त्यावर एखाद्या संस्थेचं दुकान असतं. लोक वापरलेले कपडे आणून देतात, स्वयंसेवक ते निवडून, इस्त्री करून टांगतात आणि विक्रीचा पैसा संस्थेच्या कामाला जातो. ऑक्सफॅमने १९४० च्या दशकाच्या अखेरीस ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर असं दुकान थाटलं आणि पुढे ती तिथली रीतच झाली. आपल्याकडे ती रुजली नाही, कारण कपडा दानापर्यंत पोचायच्या आत त्याची चार घरं होतात. थोरल्याचा शर्ट धाकट्याला, मग पुतण्याला, मग वाकळेत, शेवटी फरशी पुसायला. त्यातून उरलंच तर बोहारीण दारात उभी असते.

मग इथे चांगला जुना माल मिळतो कुठे?

चार ठिकाणी, आणि चारही ठिकाणची तऱ्हा वेगळी.

पहिलं, आठवडी बाजारात किंवा रस्त्याकडेला ताडपत्रीवर ओतलेला ढीग. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदान गजबजतं, तेव्हाही आसपास असे विक्रेते बसतात. इथे मेहनत जास्त, खात्री कमी, पण भाव सगळ्यात खाली.

दुसरं, सरप्लस. म्हणजे वापरलेला नव्हे, तर ऑर्डरीतून उरलेला किंवा तपासणीत नापास झालेला नवा कपडा. हा शर्ट-जीन्स-टीशर्टचा प्रांत. लेबल अर्धं कापलेलं किंवा मार्करने रेघ मारलेलं दिसलं तर बहुधा हाच माल.

तिसरं, मोबाइल. जुने कपडे विकणारी इन्स्टाग्रामवरची खाती आणि ओएलएक्ससारखी ठिकाणं. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

चौथं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, ओळखीचं कपाट. सोलापूरच्या घराघरांतून पोरं पुण्याला आयटीत आहेत, काही परदेशात. त्यांची वजनं वाढतात, कपडे घरी राहतात. एखाद्या डॉक्टरीणबाईंच्या कपाटात डिझायनर रितू कुमारचा कुर्ता एकदा घालून चार वर्षं पडलेला असतो. विचारायला संकोच वाटतो, पण "काकू, हे वापरत नसाल तर मला विकत द्याल का?" यात 'विकत' हा शब्द स्पष्ट म्हटला की समोरच्याचाही संकोच जातो.

डिझायनर आणि ब्रँडेड यात फरक आहे का?

आहे, आणि भाव ठरवताना तो फार कामाला येतो. झारा, एच अँड एम, मार्क्स अँड स्पेन्सर, लुई फिलिप, ॲलन सॉली हे ब्रँड. माल चांगला असू शकतो, पण हजारोंनी निघतो. डिझायनर म्हणजे ज्याच्या कपड्यामागे एका माणसाची किंवा घराण्याची नजर आहे : सब्यसाची, तरुण तहिलियानी, अनिता डोंगरे, रॉ मँगोचे संजय गर्ग. मधला एक थर आहे, डिझायनरनेच काढलेला स्वस्त ब्रँड. ग्लोबल देसी हा अनिता डोंगरेंच्याच कंपनीतून आलेला. विकणारा अशा कुर्त्याला "अनिता डोंगरेचा ड्रेस आहे मॅडम" म्हणतो. खोटं बोलत नाही, पण भाव मात्र दुसऱ्याच कपड्याचा सांगतो.

ढिगातला 'इम्पोर्टेड' माल खरंच परदेशातून येतो?

काही वेळा हो. वापरलेले कपडे भारतात आणायला सरकारी परवाना लागतो, सरसकट आयात खुली नाही. गुजरातेत कांडला इथे, १९६५ साली सुरू झालेल्या निर्यात क्षेत्रात, परदेशी जुन्या कपड्यांची निवड करणारे कारखाने आहेत. तो माल मुख्यतः पुन्हा बाहेर पाठवायचा असतो. लोकरीच्या चिंध्या पानिपतला जातात, तिथे त्यांचं सूत काढून स्वस्त ब्लँकेटं होतात. यातून वाट काढत काही जॅकेटं, कोट, जीन्स देशातल्या बाजारांत उतरतात.

पण ढिगातलं सगळं त्या वाटेने येत नाही. बराच माल आपल्याच घरांतला असतो. बोहारणीने स्टीलच्या पातेल्यावर नेलेली पँट धुऊन, टाके घालून, इस्त्री करून दुसऱ्या गावी विकायला येते. त्यामुळे 'इम्पोर्टेड' हा शब्द ऐकून खिसा सैल सोडू नका. खिशात हात घाला, आतली शिवण उलटून पाहा. गावातल्या टेलरची छोटी चिठ्ठी कॉलरीत शिवलेली सापडली, तर इम्पोर्ट कुठून झालंय ते कळतं.

लेबल खरं की खोटं, हे कसं ओळखायचं?

आपल्याला हे कोणी शिकवायची गरज नाही खरं तर. 'सोलापुरी चादर' असं लेबल लावून बाहेरची चादर कशी खपवली जाते, हे या गावाएवढं कोणाला ठाऊक? भौगोलिक मानांकन मिळूनही नक्कल थांबली नाही. चादर हातात घेतल्यावर आपण लेबल शेवटी बघतो. आधी वजन बघतो, वीण बघतो, उलटी बाजू बघतो. कपड्यालाही तोच क्रम लावा.

तरी काही खुणा. मानेजवळचं मोठं लेबल नक्कल करायला सोपं असतं, म्हणून आत बाजूच्या शिवणीतली धुण्याच्या सूचनांची पट्टी वाचा. अस्सल मालात तिथे कापडाचं प्रमाण, देश, शैली क्रमांक नीट छापलेला असतो. अक्षरं तिरकी, स्पेलिंग चुकलेलं, किंवा मानेजवळच्या लेबलावर '१००% कॉटन' आणि पट्टीवर पॉलिएस्टर, असा घोळ दिसला की ठेवून द्या. अमेरिकन बाजारासाठीच्या कपड्यावर अनेकदा 'आरएन' (म्हणजे नोंदणी क्रमांक) आणि पुढे आकडे असतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या संकेतस्थळावर तो आकडा टाकला की नोंदणी कोणत्या कंपनीची ते दिसतं. मोबाइलवर मिनिटात होतं. नाव जुळलं म्हणजे माल अस्सल असं नव्हे, नक्कल करणारे आकडाही उचलतात, पण नाव अजिबातच जुळलं नाही तर विषय संपला.

बर्बेरीच्या कोटावर चौकडी शिवणीपाशी एका रेषेत मिळते का ते पाहा. नकलेत चौकट तुटते, कारण चौकडी मिळवायला कापड वाया जातं आणि नकलेच्या धंद्याला वाया घालवणं परवडत नाही. लकोस्टच्या नेहमीच्या पोलोला शिंपल्याची दोन भोकांची बटणं असतात, गालाला लावली तर गार लागतात, प्लॅस्टिकची लागत नाहीत. लिव्हाइसच्या मागच्या खिशावरच्या लाल पट्टीवर सगळी अक्षरं मोठी असतील तर जीन्स १९७१ च्या आधीची मानतात आणि शौकीन त्याला भरपूर पैसे मोजतात. सोलापुरात अशी सापडणं जवळजवळ अशक्य. त्यातही नव्याने काढलेल्या आवृत्त्यांवर तशीच पट्टी असते, तेव्हा हुरळून जाऊ नका.

झिपवर 'वायकेके' आहे म्हणजे ओरिजिनल, हा समज तेवढा सोडा. ती फक्त झिप बनवणारी जपानी कंपनी आहे. तिची झिप साध्या बॅगेलाही असते आणि काही महागड्या कपड्यांना नसते.

'फर्स्ट कॉपी', म्हणजे मोठ्या ब्रँडची हुबेहूब नक्कल, घेतली तर काय बिघडलं?

नक्कल आहे, बाकी काही नाही. घालायला आवडत असेल तर साध्या शर्टाच्या भावात घ्या. 'कॉपी असली तरी क्वालिटी सेम' हे वाक्य ऐकलं की भाव निम्म्यावर आणावा.

लेबलच नसेल तर?

उत्तम. लेबल नसलेल्या चांगल्या कपड्याला गिऱ्हाईक कमी, म्हणून भावही कमी. इथे कापड वाचता यायला हवं, आणि या बाबतीत सोलापूरकर नशीबवान आहे. ज्या घरात माग होता त्या घरातल्या आजीच्या हातात कापड द्या, ती डोळे न उघडता सूत सांगेल.

स्वतः बघायचं तर आधी मुठीत घट्ट धरून सोडा. सुती आणि लिननला चुण्या पडतात, लोकर उसळून परत येते, पॉलिएस्टर जसंच्या तसं. मग उजेडासमोर धरा : वीण एकसारखी आहे की मधेच विरळ? काखेत, दोन मांड्यांमध्ये आणि कोपरावर कापड झिजून पारदर्शक झालं असेल तर कितीही नावाजलेला कपडा असो, सोडा. मग आतली बाजू. शिवणीचे काठ दुमडून बंद केलेले आहेत का, टाके बारीक आणि सारख्या अंतरावर आहेत का, अस्तर सुटं हलतंय की चिकटवलंय, बटणाच्या काजाला दाट टाके आहेत का. चांगल्या शिलाईवर झालेला खर्च बाहेरून दिसत नाही, उलटल्यावर दिसतो.

शंका राहिली तर आतल्या शिवणीतून एकच धागा ओढून, विकणाऱ्याला विचारून, काडीने जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख मऊ राहते. रेशीम आणि लोकर जळक्या केसांचा वास देतात, राख बोटांत चुरडते. पॉलिएस्टर वितळून टणक मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही खुणा येतात, तेव्हा निर्णय हातावर सोडावा.

जुन्या साड्यांचं काय? आमच्याकडे तोच खरा 'डिझायनर' माल.

अगदी बरोबर, आणि याच प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. चाटी गल्लीतल्या साडीच्या दुकानात नवी पैठणी बघून डोळे पांढरे होतात, आणि त्याच वेळी कोणाच्या तरी ट्रंकेत आजीची पैठणी घडीवर फाटत पडलेली असते.

पैठणीची पहिली परीक्षा उलट बाजूची. हातमागावरच्या अस्सल पैठणीत काठाचा आणि पदराचा मोर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा जागच्या जागी गुंतवून विणलेला असतो. यंत्रमागाच्या साडीत मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसतात. यंत्रमागाची साडी वाईट नसते, भाव मात्र वेगळा असतो. रेशमाच्या खात्रीसाठीचा 'सिल्क मार्क' २००४ नंतरचा, शिवाय तो कागदी टॅग. जुन्या साडीवर तो शोधू नका, आणि नव्या टॅगसकट आलेल्या 'आजीच्या साडी'कडे जरा संशयाने बघा.

इरकल तर आपली शेजारीण, कर्नाटकातली असूनही इथल्या बायकांच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या. तिच्या लाल रेशमी पदराला टोप-तेणी म्हणतात. अस्सल इरकलीत पदराचे उभे धागे अंगाच्या धाग्यांना एकेक करून गुंफून जोडलेले असतात, त्या जोडाची रेघ नीट पाहिली तर दिसते. पदराचा नुसता रंग बदललाय आणि जोड नाही, तर ती इरकलीसारखी साडी आहे.

आता जरीबद्दल. खरी जर म्हणजे रेशमी धाग्याभोवती चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. ती काळाने काळपट पडते. तांब्याची नकली जर लालसर-हिरवट होते. प्लॅस्टिकच्या जरीला काडी लावली की ती वितळते. 'जुन्या जरीच्या साड्या घेतो' म्हणत फिरणारे चांदीसाठीच घेतात. साडी जाळून किंवा वितळवून चांदी काढतात आणि भाव वजनावर देतात. साडी नेसता येण्याजोगी असेल तर त्यांना देऊ नका. काठ-पदर शाबूत असून अंग विरलं असेल, तर काठ उतरवून नव्या सिल्कवर लावणारे शिंपी आहेत. तेही जमत नसेल तेव्हाच वजनकाटा.

घेणाऱ्याने उलट वाटेने जावं : पसरून, सूर्यप्रकाशात, घडीच्या रेषा बोटाने हलकेच ओढून बघाव्या. रेशीम सर्वांत आधी घडीवर चिरतं. घडीवर चिरलेली साडी नेसायला घेऊ नका. ड्रेस, दुपट्टा किंवा परकर-पोलकं शिवायला मात्र घ्या, आणि भावही नुसत्या कापडाचाच द्या.

लग्नाचा डिझायनर लेहेंगा किंवा शेरवानी जुनी घ्यावी का?

सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते इथेच. एका दिवसापुरता घातलेला, ड्रायक्लीन करून ठेवलेला कपडा असतो. बिल मागा, मूळ दुकानात घातलेला फोटो मागा. मणी आणि टिकल्या सुटल्यात का, कॅनकॅन (घेर फुलवणारं आतलं कडक जाळीचं अस्तर) मोडलंय का, ब्लाउजच्या आत शिवणीत किती कापड सोडलंय, ते बघा. घामाने काखेचं अस्तर कडक झालं असेल तर अस्तर बदलण्याचा खर्च आधीच भावातून वजा करा. नवऱ्या मुलाच्या घरच्यांना सांगायचं की नाही, हा तुमचा प्रश्न. मी तरी सांगेन.

भाव कसा करायचा?

कपड्याकडे बघून चेहरा उजळू देऊ नका, ही पहिली अट. दोन-तीन नगण्य कपडे सोबत उचला आणि सगळ्यांचा मिळून भाव विचारा. दोष दाखवायचा तर खरा दाखवा : गळालेलं बटण, उसवलेली शिवण. "कुठं काय खराब हाय, घिऊन टाका की" असं म्हणत विकणाराच शंभर रुपये कमी करतो. सकाळी लवकर गेलात तर निवड जास्त मिळते, दुपार उतरल्यावर भाव कमी होतो. दोन्ही एकदम मिळत नाही.

माझा हिशेब असा : कपड्याचा भाव, धुलाई आणि आल्टरेशन मिळून जी रक्कम होईल ती मनात धरावी. ८०० रुपयांच्या जॅकेटाला ड्रायक्लीनचे ३०० आणि झिप बदलायचे २५० लागणार असतील, तर ते जॅकेट १,३५० चं आहे. त्या भावात नवं काय येतं ते आठवा. आणि ऊन उतरून ट्यूबलाइट लागल्यावर रंग ठरवू नका. काळा म्हणून घेतलेला घरी निळा निघतो.

मापात थोडं मोठं-लहान असेल तर?

मोठं असेल तर घ्या. या शहरात शाळा-कंपन्यांचे गणवेश शिवणारे कारखाने आहेत, हात बसलेले कारागीर गल्लोगल्ली सापडतात. कंबर कमी करणं, बाही आखूड करणं, पँटला नवी घडी घालणं सोपं. खांदा उतरवणं मात्र अवघड आणि महाग, कोटाच्या बाबतीत तर जवळपास नव्याने शिवणं. म्हणून जॅकेट, ब्लेझर, शेरवानी खांद्यावर बसली तरच घ्यायची. लहान कपड्यात आत किती मार्जिन आहे ते बघा आणि जुनी शिवण उसवल्यावर तिथे रंगाची गडद रेघ उरेल हे लक्षात ठेवा.

छोट्या भोकाला रफू करणारे अजून आहेत, पण कमी होत चालले आहेत. चांगला रफूगार सापडला तर त्याचा नंबर कोणाला सांगू नका. बरं, सांगा.

घरी आणल्यावर स्वच्छ कसं करायचं? खरजेची भीती वाटते.

खरजेचे किडे माणसाच्या अंगापासून दूर साधारण दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाहीत. धुता येणारे कपडे गरम पाण्यात धुवा. न धुता येणारे पिशवीत घट्ट बांधून तीन दिवसांहून जास्त ठेवा, मग ड्रायक्लीन. ढेकणांची शंका असेल तर शिवणी आणि कॉलरीखाली बारीक काळे ठिपके शोधा. दिसले तर कपडा घरात आणूच नका.

रेशीम रिठ्याच्या पाण्यात, सावलीत. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन जंतूंना जसं झेपत नाही तसं रंगालाही झेपत नाही, म्हणून रंगीत कपडे उलटे करून वाळवा. डांबरगोळ्यांचा वास धुऊन जात नाही, वाऱ्यावर काही दिवस टांगूनच जातो. लोकरीच्या कपड्याला बारीक गोल भोकं असतील तर ती कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड. बाकीच्या कपाटापासून लांब ठेवा.

डाग?

हळदीचा डाग साबणाने लाल होतो, घाबरू नका. धुऊन उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हात विरतो. घामाचे पिवळे डाग सुती कपड्यावरून खायचा सोडा आणि पांढऱ्या व्हिनेगरने बऱ्यापैकी जातात. रेशीम आणि लोकरीला ब्लीच कधीच नाही. शाई, गंज आणि जुनं तेल हे डाग जातील असं समजून पैसे देऊ नका.

काय अजिबात घेऊ नये?

आतले कपडे, मोजे, पोहण्याचे कपडे. इलॅस्टिक मेलेलं काहीही. रेग्झिनची जॅकेटं, कारण त्यांचा वरचा थर एकदा पापुद्रे सोडायला लागला की थांबत नाही.

ऑनलाइन घेताना फसवणूक कशी टाळायची?

चार फोटो मागा : पूर्ण कपडा, लेबल, आतली पट्टी, आणि दोष. माप 'एम' किंवा 'एल' असं नको, छाती आणि लांबी इंचात. विकणाऱ्यांसाठी एक इशारा जास्त महत्त्वाचा. 'पैसे पाठवतोय, क्यूआर स्कॅन करून पिन टाका' असं कोणी म्हटलं तर फोन ठेवा. पैसे मिळण्यासाठी पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. फसलातच तर लगेच १९३० वर फोन करा.

माणुसकीच्या भिंतीवरून चांगला ब्रँडेड शर्ट उचलला तर चालेल का?

नको. ती जागा ज्याला विकत घेणं शक्य नाही त्याच्यासाठी आहे. तुम्ही तिथे ठेवायला जा, धुऊन आणि बटणं लावून.

दुसऱ्याचे कपडे घालणं अशुभ, असं आई म्हणते.

आईला विचारा, तुम्ही जन्मलात तेव्हा पहिलं झबलं कोणाचं घातलं होतं. बहुतेक घरांत बाळाला आधी कोणाचं तरी वापरून मऊ झालेलंच घालतात. गेलेल्या माणसाच्या कपड्यांबद्दल मनात अडत असेल तर तो विषय वेगळा, तिथे आग्रह करू नये.

मुलगी शिकायला इंग्लंडला गेली आहे. तिला काय सांगू?

थंडीचा कोट इथून नेऊ नको, तिकडे चॅरिटी शॉपमध्ये घे, हे आधी सांगा. श्रीमंत वस्तीतलं दुकान निवडावं, कारण दान आसपासच्या घरांतून येतं. लंडनमध्ये चेल्सीतलं ब्रिटिश रेड क्रॉसचं दुकान डिझायनर कपड्यांसाठी प्रसिद्ध आहे. मात्र अशा दुकानांना मालाची किंमत कळते, काही संस्था चांगला माल काढून ऑनलाइन विकतात. खरी लॉटरी लहान गावातल्या साध्या दुकानात. तिथे आपल्यासारखी घासाघीस करत नाहीत. पैसा संस्थेला जातो, त्यामुळे ते बरंही दिसत नाही. मापाचा घोळ होतो : ब्रिटनचं १२ म्हणजे अमेरिकेचं ८ आणि इटलीचं ४४, आणि जुन्या काळचे कपडे त्याच आकड्यात लहान असतात. म्हणून आकडा सोडून अंगावर घालून बघावं.

घेतलेला कपडा नंतर विकता येतो का?

येतो, पण घेतलेल्या भावात क्वचितच. बिल, टॅग, सुटी बटणं जपून ठेवली तर बरं. पैठणी, इरकल आणि लोकरीचे कोट आपली किंमत टिकवतात, शर्ट-जीन्स नाही. विकायला काढण्याआधी घरात एकदा विचारा. बहुतेक वेळा वहिनी किंवा भाची तो कपडा आधीच हेरून बसलेली असते, आणि मग त्याचे पैसे मागायची सोय राहत नाही.